आमच्या ह्यांचा निबंधांचा कारखाना

आमचे हे निवृत्तीनंतर घरी बसून कंपन्यांची माहितीपत्रकं लिहितात, अशी माझी भाबडी समजूत होती. रोज सकाळी दाढीबिढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्वारी जेवणाच्या टेबलाशी कॉम्प्युटर उघडून बसायची. प्रत्यक्षात एका वेबसाइटसाठी विद्यार्थ्यांना विकायचे तयार निबंध पाडणं चालू होतं. आणि मी कॉलेजात निबंधच तपासते. आता काय बोलायचं!

कारागीर मात्र पक्का. गिऱ्हाईक किती हुशार आहे ते आधी विचारून घ्यायचे. जेमतेम पास होणाऱ्याने एकदम झकास लिहिलं तर बाईंना संशय येणार, म्हणून त्याच्यासाठी मुद्दाम भरकटायचे, शेवट गुंडाळायचे. घरातली कामं ह्यांच्या हातून बिघडतात, पण त्याला इतकी मेहनत लागत नाही.

एकदाच घसरले. 'मला खटकणारी गोष्ट' हा विषय मीच दिला होता. मागच्या बाकावरच्या एका पठ्ठ्याचा निबंध हातात आला: 'माझी बायको परक्यांच्या लेखनाचे गठ्ठे घरी आणते, एकेक ओळ वाचते. मी लग्नापासून कथा लिहून तिच्या उशाशी ठेवतो. ती त्यांवर चष्मा ठेवते.'

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. पठ्ठ्याला बोलावून लग्न कधी केलंस म्हणून विचारलं, तर तो पांढराफटक पडला. आपण काय दिलंय हे त्याने वाचलंही नव्हतं. वेबसाइटचं नाव मुकाट्याने सांगितलं. त्याला शून्य दिलं आणि समोर बसवून नवा निबंध लिहून घेतला.

घरी येऊन ह्यांची चांगली खरडपट्टी काढली. कारखाना आजच्या आज बंद, म्हणून बजावलं. शेवटी ह्यांनी फक्त विचारलं, "पण कसा वाटला?"

"शून्य दिलंय," मी म्हणाले.

चेहरा असा पडला, की माझाच राग विरघळला. शून्य त्या पोराला होतं, तुमची एखादी कथा आणा, वाचते, असं म्हटलं. हे आत गेले ते येईचनात. जाऊन पाहते तर जमिनीवर कथांचा पसारा, आणि मधोमध हे.

"सगळ्यात चांगली शोधतोय," म्हणाले. "तू एकच वाचशील ना, म्हणून."

मी तिथेच फतकल मारून बसले आणि हाताला लागेल ती उचलली.