शुभदाताईंचे पेंग्विन

लहान मुलांच्या वॉर्डात व्हीआरचा एकच चष्मा होता, आणि मी त्याच्यावर बसलो. खुर्चीवर नुसतं जॅकेट पडलंय असं वाटलं. आवाज असा आला की शेजारच्या खाटेवरचं बाळ रडायचं थांबलं.

माझ्या सात वर्षांच्या गुंजनच्या हातावर गरम आमटी सांडली होती. आज तिसरं ड्रेसिंग. आधीच्या दोन वेळी चष्मा लावून ती बर्फातल्या पेंग्विनना गोळे मारत बसली आणि इकडे पट्टी निघूनही गेली. आज काय?

नर्स शुभदा घरत यांनी तुकडे उचलले. बाई अलिबागच्या, अकरा वर्षं इथे आयर्लंडात, केरीत. नवरा आठवडाभर ॲथलोनला नोकरीवर. शनिवारी येतो तो झोपायलाच. बाई सकाळी साडेसातपासून उभ्या होत्या. आता सहा वाजत आले होते आणि दुपारचं अर्धं सँडविच अजून खिशात होतं. त्या चिडल्याही नाहीत. चिडायलाही थोडी ताकद लागते.

"शुभदाताई, दुसरा नाही का हो?"

"असता तर त्यावरही बसला असतात."

गुंजनचा ओठ थरथरायला लागला. मी आपलं "तू शूर ना?" सुरू केलं.

"अहो बाबा, शूर-बिर राहू दे. तिकडे उभे राहा. गुंजन, डोळे मीट. 'थांबा' म्हणालीस की मी थांबणार. बर्फात आपली बोट सुटली. थंडी वाजतेय?"

"अ बिट."

"डावीकडे बर्फामागे जाडा पेंग्विन. मार!"

गुंजनने मोकळा हात भिरकावला. "आय मिस्ड!"

"परत मार. आता गुहा, वाकून जा."

बाईंचे डोळे जखमेवर आणि आवाज गुहेत. शेवटचा थर चिकटला होता.

"थांबा!" घरी मराठीत चकार शब्द न बोलणारी माझी पोर ओरडली. बाई खरंच थांबल्या. पट्टीवर पाणी सोडलं, वाट पाहिली. गुंजन रडली, पण हात ओढून घेतला नाही. मग नाक ओढत म्हणाली, "ओके. वेअर्स द बिग वन?"

नवी पट्टी बांधून झाल्यावर बाई भिंतीला टेकल्या.

"खेळ तोंडपाठ आहे तुम्हाला! किती वेळा खेळलात?"

"एकदाही नाही. पोरं चष्मा लावून ओरडतात, ते ऐकून."

"अहो, एकदा लावून तरी बघायचा!"

"लावला असता तर उभ्या उभ्या झोपले असते."