नव्याचं जुनं करणारे आमचे साडू

नवी कोरी वस्तू आणि आमचे साडू यांचं या जन्मी काही जमलेलं नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्कांचे यजमान. परभणीत राहून ते सिनेमाचे कला दिग्दर्शक आहेत. म्हणजे पडद्यावर माणसांच्या मागे जे जे दिसतं, ती भिंत, ते कपाट, कपाटावरची ट्रंक, ते सगळं यांनी उभं केलेलं असतं. हे लोकांना समजावून सांगण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं आणि उरलेलं अर्धंही त्यातच जाणार असं दिसतं. नातेवाइकांच्या डोक्यात ‘कला’ एवढंच राहतं, त्यामुळे कुणी गाडीची नंबरप्लेट रंगवायला आणून देतो, कुणी लग्नात रुखवत मांडायला बोलावतो. साडू बिचारे जातात. एका लग्नात रुखवताची भांडी फारच चमकतात म्हणून त्यांना चहाचं पाणी फासताना नवरीच्या मामांनी साडूंना पकडलं, तेव्हापासून ही बोलावणी जरा कमी झाली आहेत.

आम्ही घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला आलेला प्रत्येक जण फरशीचं कौतुक करत होता. साडू मात्र जेवायचे थांबून दिव्याच्या बटनांकडे टक लावून बसलेले. शेवटी गंभीर आवाजात म्हणाले, “पाव्हणे, बटनाच्या भोवती हाताचे डाग न्हाईत. ह्या घरात माणसं राहतेत हे कुणाला पटंल?” मी म्हटलं, अहो, आजच तर राहायला आलोय. “तेच म्हणायलोय मी,” असं म्हणून त्यांनी आपला तुपाचा हात दाराच्या चौकटीला अगदी सहज टेकवला. बायकोनं नंतर तो डाग घासून घासून काढायचा प्रयत्न केला, पण साडूंचं काम पक्कं असतं.

एकदा पाथरीच्या बाजारात त्यांना एक शेतकरी दिसला. त्याचा शर्ट खांद्यावर उन्हानं विटलेला, कॉलर आतून उसवलेली. साडू खुळावलेच. समोरच्या दुकानातून नवा शर्ट आणून त्यांनी अदलाबदल मागितली. तो म्हणाला, “ह्याच्यात डाव काय हाय ते सांगा आदी.” साडू म्हणाले, “डाव काईच न्हाई. तुमचा शर्ट लय भारी हाय.” बराच वेळ संशयानं बघून त्यानं शर्ट उतरवला. पुढच्या बाजाराला तोच गृहस्थ आपले दोन भाऊ, मेव्हणा आणि चुलता यांना घेऊन हजर, आणि प्रत्येकाच्या अंगात घरातला सगळ्यात फाटका शर्ट.

गावातल्या नाटक-सिनेमावाल्यांचं एक टोळकं रोज संध्याकाळी चहाच्या गाड्यावर जमतं. त्यातले दिग्दर्शक एका शाळेत मास्तर आहेत, कॅमेरावाला एरवी लग्नं टिपतो, दिव्यांचं खातं मांडववाल्याकडे आहे. तिथं प्रत्येक जण स्वतःच्या कामाबद्दल भरभरून बोलतो. साडू एकटे बशीत चहा ओतून फुंकत बसतात. त्यांना बाकी कुणाच्या शाबासकीची पडलेली नाही. आपलं काम एका माणसानं बघावं, एवढंच त्यांच्या मनात असतं आणि ते माणूस म्हणजे अक्का.

पण अक्का कित्येक वर्षं ते बघत नव्हत्या; त्यांचा राग घंगाळाचा होता. राणीसावरगावहून त्यांच्या आईनं दिलेलं तांब्याचं घंगाळ त्या चिंचेनं घासून लखलखीत ठेवत. ते साडूंनी एका शूटिंगला नेलं आणि दिव्याखाली फार चमकतं म्हणून त्याच्यावर काळपट रंगाचे दोन हात मारले. परत आलेलं घंगाळ बघून अक्का एवढंच म्हणाल्या, “आजपासून तुमचं शूटिंग बी बघणार न्हाई अन् पिच्चर बी.” त्यानंतर किती सिनेमे आले नि गेले. दर वेळी साडू विचारायचे, “येतीस का?” दर वेळी अक्का भाजी निवडत राहायच्या.

मग पेडगावचं शूटिंग आलं. गोष्ट एका एकट्या म्हातारीची होती आणि तिचं स्वयंपाकघर वर्षानुवर्षांच्या धुरानं काळवंडलेलं हवं होतं. साडूंनी एका घरातली मागची खोली धरली आणि पंधरवडाभर तिथं काजळी, चहा, कोळशाची पूड आणि शेणाचं पाणी घेऊन बसले. शूटिंगच्या आदल्या दिवशी सकाळी आमच्याकडे त्यांचा फोन आला. अक्का आमच्याकडेच कुरडया करायला आल्या होत्या. “पाव्हणे, सगळं स्वच्छ केलं हो,” असं म्हणून ते चक्क रडायला लागले.

मला हसू आवरेना. अक्कांनी चिकाचा हात धुतला. म्हणाल्या, “माणूस रडायलाय अन् तुमी हसता कामून? गाडी काढा.”

आम्ही पोचलो तर खोली पोपटी. चारी भिंती पोपटी, आणि दारावर मोराचं स्टिकर. साडू पालथ्या घमेल्यावर बसले होते. घरमालकीण नवं लुगडं नेसून अपराध्यासारखी उभी. ती अक्कांना म्हणाली, “पिच्चरमधी आपलं घर येणार. घाण दाखवावं का, तुमीच सांगा.” तिचंही खरंच होतं. अक्कांनी एकदा भिंतीकडे आणि एकदा नवऱ्याकडे बघितलं. मग पदर खोचला आणि विचारलं, “ओलं सरपण हाय का?”

दिवसभर ती चूल पेटती होती. अक्का सगळ्या मंडळींसाठी भाकऱ्या थापत होत्या, धुरानं खोलीतलं माणूस दिसत नव्हतं, आणि साडू स्टुलावर चढून कोळसा चोळत होते. “तिथं नका फासू. तव्याचा धूर कडंनं जातो.” “हौ.” “वर चला जरा.” “हौ.” दोघं खोकत होते आणि भांडत होते. घरमालकीण थोडा वेळ आपला पोपटी रंग जाताना बघत बसली, मग तीही चुलीत लाकडं सारू लागली. संध्याकाळी दिग्दर्शक मास्तर आत डोकावले आणि साडूंच्या पाठीवर हात ठेवून गेले.

सिनेमा परभणीतच एका हॉलमध्ये दाखवला. अक्का आल्या. म्हातारी चुलीपुढं एकटी जेवते त्या प्रसंगाला सगळा हॉल मुसमुसत होता. मी शेजारी बघितलं, तर अक्का म्हातारीच्या डोक्यावरून मागं बघत होत्या. साडूंकडे वाकून हळूच म्हणाल्या, “कोपऱ्यात जरा कमी पडलं.” अंधारातून साडूंचा आवाज आला, “हौ, कमीच पडलं.”

बाहेर लोकांनी मास्तरांच्या गळ्यात हार घातला, म्हातारीचं काम करणाऱ्या बाईंबरोबर फोटो काढले. भिंतीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. साडू मला बाजूला घेऊन म्हणाले, “पाव्हणे, तिनं कोपरा बघितला.” मग अक्का आल्या आणि दोघं त्या कोपऱ्याबद्दल वाद घालत चालत घराकडे गेले.

मी बँकेत उभा जन्म काढला. तिथं मी दिवसभर काय करतो, हे घरात कुणी कधी विचारलं नाही. स्कूटरवर बायको मागे बसून सिनेमातल्या म्हातारीबद्दल बोलत होती. मी हं हं करत होतो, पण खरं सांगायचं तर मला साडूंचा फार हेवा वाटत होता.