कोन्नो-सानांचं गिरमिट

कोन्नो-सान दुकानात ड्रिल हातात घेत आणि डोळे मिटून उभे राहत. दोन्ही हात पुढे, ड्रिलचं तोंड जमिनीकडे, पाय फाकलेले, कंबर थोडी वाकलेली. आजूबाजूने लोक खिळे, रंगाचे डबे, कुंड्या घेऊन जात-येत असायचे आणि हा पांढऱ्या केसांचा माणूस अवजारांच्या रांगेत मनाने गोठलेल्या तळ्यावर उभा असायचा. दुकानातला विक्रेता लांबूनच मान लववायचा आणि आपल्या कामाला निघून जायचा. त्याला सवय झाली होती. मला नव्हती. पहिल्या दिवशी मी मोठ्याने म्हटलं, "झोप लागली काय यांना?"

माझ्या सुनेने, वैशालीने, मला कोपराने ढोसलं. "आई, हळू बोला. मराठी कळत नसलं तरी सूर कळतो माणसाला."

कोन्नो-सानांनी डोळे उघडले आणि हातातलं निळं ड्रिल माझ्यापुढे धरलं. मी ते उचलून पाहिलं. वजन बेताचं होतं, बाजूला दुसऱ्या हाताने धरायला दांडा होता. मी म्हटलं, "हे बरं आहे. हेच घ्या आणि घरी चला." वैशालीने ते त्यांना जपानीत सांगितलं. ते हसले, ड्रिल जागच्या जागी ठेवलं आणि म्हणाले, "मो चोत्तो." म्हणजे अजून थोडं. अजून थोडा विचार करतो. हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून इतके ऐकले की माझं जपानी तिथूनच सुरू झालं म्हणायला हरकत नाही.

मी सेंदाईला मुलाकडे राहते. नवरा गेल्यावर मुलगा म्हणाला ये, म्हणून आले. तो विद्यापीठात संशोधन करतो. कसलं ते त्याने समजावून सांगितलं आहे, मला कळलेलं नाही. मी चौथीपर्यंत शिकले आणि मग रेवदंड्याला मासे विकले. नवऱ्याची होडी होती. इथे आल्यावर मला वाटलं होतं की आता आपण घरात बसून भिंती बघायच्या. पण शेजारी कोन्नो-सान निघाले. शहराची बस चालवून निवृत्त झालेले, आणि मासे धरायचं वेड असलेले.

ओळख माशांवरूनच झाली. एका थंडीत ते दारात आले, वाकले आणि प्लास्टिकची पिशवी पुढे केली. आत करंगळीएवढे चंदेरी मासे होते. यांना इथे वाकासागी म्हणतात. घरात मी एकटीच होते, बोलणार काय? त्यांना हातानेच पायरीवर बसा म्हटलं. माशांना हळद, तिखट, मीठ लावलं, तांदळाच्या पिठात घोळवले आणि कडकडीत तळून बशी त्यांच्या हातात दिली. पहिल्या माशाला त्यांच्या नाकावर घाम आला. सगळी बशी संपवून उठले तेव्हा कानही लाल झाले होते. दुसऱ्या दिवशी त्यांची बायको काझुए-सान बशी परत द्यायला आली. बशीत तिने घातलेलं मुळ्याचं लोणचं होतं. रिकामं भांडं परत करत नाहीत हे बघून मला बाई आवडली.

पुढे वैशाली मधे बसून दोन्हीकडचं बोलणं करू लागली, तेव्हा मला त्या माशांची हकीकत कळली. डोंगरात एक तळं आहे. थंडीत ते गोठतं. लोक त्या बर्फावर चालत जातात, छोटा तंबू ठोकतात, बर्फाला भोक पाडतात आणि त्यात बारीक गळ सोडून बसून राहतात. मी म्हटलं, "पाणी असताना होडी नाही आणि बर्फ झाल्यावर भोक? तुमचं सगळंच उलटं." वैशालीने ते सांगायचं टाळलं, पण कोन्नो-सानांनी तिच्या तोंडाकडे बघून हट्टाने विचारून घेतलं आणि मांडीवर हात मारून हसले.

भोक पाडायला त्यांच्याकडे हाताने फिरवायचं गिरमिट होतं. आमच्याकडे होडी बांधणारे सुतार वापरतात तसंच, पण माणसाच्या कमरेएवढं उंच आणि खाली दोन धारदार पाती. तरुणपणापासून तेच वापरत होते. मग खांद्याचं ऑपरेशन झालं आणि उजवा हात छातीच्या वर जाईना. गिरमिट फिरवणं संपलं. तळ्यावरचे मित्र म्हणाले, तू नुसता ये, भोक आम्ही पाडून देतो. ते गेले नाहीत.

"आपलं भोक आपण पाडायचं," ते म्हणाले. "दुसऱ्याने पाडलेल्या भोकावर बसलं की मासा त्याचा, आपण नुसते पाहुणे."

मी म्हटलं, "मासा ज्याने खाल्ला त्याचा."

"तांडेल-सान, तुम्ही विकणाऱ्या. तुम्हाला तसंच वाटणार," ते म्हणाले. मला राग आला नाही. खरं होतं.

आता अशी गिरमिटं मिळतात की वरचा दांडा काढून ती बॅटरीच्या ड्रिलला जोडता येतात. बोट दाबलं की बर्फ कापला जातो, खांदा लागत नाही. काझुए-सानने अट घातली होती: माझ्यासमोर एकट्याने एक भोक पाडून दाखवा, मग तळ्यावर जा. त्या थंडीत कोन्नो-सानांचं सगळं चित्त त्या एका गोष्टीवर होतं. तळं गोठलेलं होतं, मित्र बर्फावर बसलेले होते, आणि हे दुकानात डोळे मिटून उभे.

निवड म्हणजे काय सोपी नव्हती, हे मी कबूल करते. रुंद गिरमिट घेतलं तर भोक ऐसपैस, पण ड्रिलला जोर जास्त लागतो. मी विचारलं, "मासा करंगळीएवढा आणि भोक परातीएवढं कशाला? आत उतरायचं आहे का?" ते म्हणाले, अरुंद भोकाला कडेने लवकर बर्फ धरतो. मग त्यांनी मधलं माप ठरवलं. तेवढ्यात काझुए-सान चहा ओतता ओतता म्हणाली, "थंडीत बॅटरी बसते म्हणे. तळ्याच्या मधोमध बसली तर?" ते परत दुकानात गेले. उत्तर मिळालं की बॅटरी कोटाच्या आत, अंगाशी ठेवायची. मग तिने विचारलं, "पातं बर्फात अडकलं की ड्रिल उलटं फिरून मनगट मुरगळतं ना?" परत दुकान. बाजूचा दांडा भक्कम हवा, आणि जोर फार झाला की आपोआप थांबणारं ड्रिल हवं. मग ती म्हणाली, "गिरमिट सुटून भोकातून तळाशी गेलं तर?" हे मात्र खरंच त्यांच्या एका मित्राचं झालं होतं. पातं वर काढायला त्याने ड्रिल उलटं फिरवलं, ड्रिलचं तोंड सैल झालं आणि नवंकोरं गिरमिट पाण्यात गेलं. म्हणून गिरमिटाच्या वरच्या टोकाला भोकापेक्षा मोठी चकती बसवायची. ती चकती शोधण्यात आणखी काही दिवस गेले.

बाई प्रश्न फार शांतपणे विचारायची. चहाचा कप दोन्ही हातांनी धरून, मान किंचित वाकडी करून. आणि प्रत्येक प्रश्न रास्त असायचा. कोन्नो-सान मान डोलवायचे, म्हणायचे, "मो चोत्तो."

शेवटी मीच वैतागले. बर्फच पाहिजे ना? बर्फ माझ्या ओळखीचा. सगळं आयुष्य मी बर्फाच्या लाद्या फोडून त्यावर पापलेट मांडले. मी वैशालीला म्हटलं, "बंदरावर चल. लादी मागू. यांना म्हणावं मित्राचं यंत्र आणा आणि एकदाचं बघा." वैशालीने गाडी काढली. बंदरावरच्या माणसाने आम्हा चौघांकडे पाहिलं, काय करायचं आहे ते ऐकलं आणि न हसता एक जाड लादी आडवी टाकून दिली. जपानी माणसांचं हे मला आवडतं. वेडेपणाही नीट ऐकून घेतात.

पहिल्यांदा पातं चावलं आणि ड्रिलने कोन्नो-सानांना बाजूला फेकल्यासारखं केलं. काझुए-सानच्या तोंडून आवाज निघाला. ते सावरले, बाजूचा दांडा डाव्या हातात घट्ट धरला, वेग कमी ठेवला आणि पुन्हा टेकवलं. खोबरं किसावं तसा बर्फाचा पांढरा चुरा वर येऊ लागला. गिरमिट आरपार गेलं. त्यांनी टोपी काढली आणि त्या भोकात वाकून पाहिलं. खाली बंदराचं सिमेंट होतं, पण चेहरा असा की जणू मासे दिसताहेत.

"झालं," मी म्हटलं. "आता उद्या निळं ड्रिल आणा आणि जा."

घरी चहाला बसलो. काझुए-सान कपाकडे बघत म्हणाली, "लादी जमिनीवर होती. तळ्यावर आरपार गेल्यावर खाली काहीच नसतं. झटका बसून तोल गेला तर?"

वैशालीने मला ते सांगायच्या आधीच मी कोन्नो-सानांचं तोंड पाहिलं. "मो चोत्तो," ते म्हणाले. मग ते लांब दांड्याचं, उभ्याने धरता येईल असं जोडकाम शोधू लागले. ते मागवलं, ते आलं, आणि तोवर डोंगरातला बर्फ मऊ पडून तळं लोकांना बंद झालं होतं.

पुढच्या थंडीआधी सगळं घरात होतं. रोज सकाळी ते तळ्याकाठच्या खानावळवाल्याला फोन करत. मी भिंतीपलीकडून ऐकायची. आधी जोरात "ओहायो", म्हणजे सकाळचा नमस्कार, मग बराच वेळ "हाय, हाय", म्हणजे हो, हो, मग फोन ठेवल्याचा आवाज. त्या वर्षी थंडी पडलीच नाही. काठाला पातळ पापुद्रा यायचा आणि दुपारी जायचा. खानावळवाला म्हणाला, पाण्यावर तरंगणारी उबदार घरं आहेत, त्यांच्या जमिनीला आयती भोकं आहेत, तिथे येऊन बसा. आम्ही चौघं एकदा गेलो. हीटर होता, गादी होती, खाली चौकोनी भोकात हिरवं पाणी. मला आणि वैशालीला मासे लागले. कोन्नो-सानांनी गळ टाकला खरा, पण हात मांडीवर ठेवून बसले, पाहुण्यासारखे. परतताना गाडीत म्हणाले, "पुढच्या वर्षी."

पुढच्या पानगळीत ते गेले. सकाळी कचरा ठेवायला बाहेर पडले, पिशवी कावळ्यांनी उकरू नये म्हणून टाकलेल्या जाळीखाली नीट ठेवली आणि तिथेच बसले ते उठले नाहीत. मी त्यांच्या घरी गेले, उदबत्ती लावली, हात जोडले.

थंडी लागताना काझुए-सान आमच्याकडे एक लांब खोकं घेऊन आली. आत गिरमिट होतं, पात्यांवरचं प्लास्टिकचं टोपण अजून तसंच. आणि ड्रिल. निळं, बाजूला दांडा असलेलं, बेताच्या वजनाचं. पहिल्याच दिवशी दुकानात त्यांनी माझ्यापुढे धरलं होतं तेच.

मी ते हातात घेतलं तेव्हा ती बोलायला लागली. वैशाली सांगत गेली, मधेच थांबत गेली.

"बॅटरीचं, मनगटाचं, तोल जाण्याचं, मला काही घेणं नव्हतं. एका प्रश्नाचं उत्तर आणायला ते दुकानात जायचे, तेवढे दिवस बर्फावर जायचे नाहीत. म्हणून मी दुसरा प्रश्न शोधून ठेवायची. त्यांना बुडू द्यायचं नव्हतं मला."

वैशाली माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असेल मी काहीतरी बरं बोलेन, जाऊ दे, तुझी माया होती, असं. मी बोलले नाही. माझा नवरा वादळाचे ढग बघून होडी ढकलायचा आणि मी एकदाही एक प्रश्न विचारला नाही. तो म्हातारा होऊन खाटेवर मेला. हिने इतके विचारले आणि नवरा कचऱ्याच्या जाळीपाशी मेला. यात बायकांच्या हातात काय असतं ते मला ठाऊक नाही. पण ते ड्रिल शोधत होते त्या पहिल्या थंडीत तळ्यावर बर्फ होता, हे मला ठाऊक आहे. तिलाही ठाऊक आहे. मी तिला चहा दिला. ती रडली, मग कप धुऊन ठेवून गेली.

आणि त्या वर्षी तळं गोठलं. खानावळवाल्याला ते गेल्याचं माहीत नव्हतं. त्याने आपणहून फोन केला की बर्फ चांगला हातभर झाला आहे, कोन्नो-सानांना पाठवा.

काझुए-सान म्हणाली, मी जाते. मी म्हटलं, मीही येते. वैशालीने गाडी चालवली. खानावळवाला आम्हाला जिथे पक्कं आहे तिथे घेऊन गेला आणि बाजूला उभा राहिला. काझुए-सानने कोटाच्या आतून बॅटरी काढली आणि बसवली. पात्यांवरचं टोपण काढून खिशात ठेवलं. चकती घट्ट आहे का ते दोनदा पाहिलं. खानावळवाला मदतीला पुढे झाला तेव्हा तिने मान हलवली. बाजूचा दांडा डाव्या हातात धरून तिने बोट दाबलं.

पांढरा चुरा वर आला, पायांवर साचला. गिरमिट खाली खाली गेलं. आरपार गेल्यावर झटका बसला नाही. काळं पाणी हळूच वर आलं आणि कडेशी थांबलं. चहा ओतायला लागतो त्याहून कमी वेळ लागला.

काझुए-सान त्या भोकाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "एवढंच?"

हे मला वैशालीने सांगायची गरज पडली नाही.

गळ आम्ही आणलाच नव्हता. खानावळवाल्याने कुणाचा पाय जाऊ नये म्हणून भोकाशेजारी बांबूची काठी रोवली. आम्ही ड्रिल पुसलं, पात्यांना टोपण घातलं आणि घरी आलो.