रुई शिरली हाय

शेजारच्या काकांचं आयुष्य पॉवरलूमवर, उडत्या कापसात गेलं. त्यामुळे पंखा बंद पडो की टीव्ही, त्यांचं निदान एकच: "रुई शिरली हाय."

परवा आमच्या स्टिरिओ रिसीव्हरचा आवाज गेला. न बोलावता काका आले आणि झाकण उघडून आत फुंकत बसले. निम्मी थुंकीच गेली असेल. तेवढ्यात मला समोर खोचलेली हेडफोनची पिन दिसली. मग स्पीकर कसे वाजणार! मी ती उपटली, गाणं सुरू झालं.

"बघ, निघाली का न्हाय रुई?"

मी पिन त्यांच्या नाकासमोर धरली, तर तिच्यावरही त्यांनी फुंकर मारली.

आज मिक्सर अडला. बायकोने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने सरळ खिडकीतून हाक मारली, "काका, जरा येता का?"