झाडाला विसावा हवा होता

ज्या वर्षी मी शहाणी झाले, त्याच वर्षी आईची पाळी जायला लागली. लालबागच्या आमच्या एका खोलीत मी मोरीजवळ बाजूला बसले की आई माझ्याकडे बघून म्हणायची, "तुजा सुरू, माजा सरला. सुटलंय मी." कसली सुटतेय! भाकरी थापता थापता तिचा चेहरा लालबुंद व्हायचा, पोलकं घामानं भिजायचं आणि परात ढकलून ती रडत बसायची. झोप तर पार उडालेली. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "बायकांचा असताच तसला काय तरी." गिरणीतून आले की ते संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला पळायचे. मुंबई मिळवायची होती ना!

नवरात्रात चाळीच्या आरतीला मुंगी शिरायला जागा नव्हती. कापराचा धूर, झांजांचा कल्लोळ, त्यात आईच्या अंगाची लाही झाली. ती डोलली आणि किंचाळली, "गप ऱ्हवा सगळी!" चाळ तिच्या शब्दावर पहिल्यांदाच गप्प झाली. शेजारच्या म्हातारीनं तिच्या कपाळावर मळवट भरला. "देवी इली गो, देवी इली!"

मग दर मंगळवारी बायका ओटी घेऊन यायच्या. कुणाचा नवरा मोर्चात पकडलेला, कुणाला मूल होत नसलेलं. आई सोंग करत होती असं मला वाटत नाही. तिलाही ते खरंच वाटत असणार, कारण तेवढा वेळ तिचं सगळे ऐकत होते. आमच्याकडे जिच्या अंगात येतं तिला झाड म्हणतात. एकदा देवी म्हणाली, "ह्या झाडाक इसावो होयो." बाबांनी लगेच हात जोडले आणि देवीला पुरणपोळीचा नैवेद्य ठरला. पुरण कुणी वाटलं? आईनंच! कप्पाळ माझं! आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

कित्येक वर्षांनी माझी पाळी जायला लागली तेव्हा परळच्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. शरीरातले हार्मोन्स उतरतात, अंग पेटतं, झोप जाते, मन खचतं, घाबरू नका, यावर उपाय आहेत. मी तिथंच रडले. त्यांना वाटलं, स्वतःसाठी रडतेय.

त्या नैवेद्यानंतरच्या एका मंगळवारी आमची खोली भरलेली होती. म्हातारीनं विचारलं, देवी, तुझं काही मागणं आहे का? आईनं डोळे उघडले आणि सरळ बाबांकडे बघितलं.

"ह्या झाडाक डाक्टराकडे न्हेवा. नायतर झाड मरतला."

मग बाबा ताडकन उठले. "देवी कधी डाक्टर मागता? ह्यां भायरचां आसा!"

झालं! इतके दिवस देवी होती, डॉक्टर मागितला तर भूत. बायकांनी पोरं जवळ ओढली. ज्या म्हातारीनं मळवट भरला होता तिनंच तो पदरानं पुसला. त्याच आठवड्यात मामा आईला गावी भगताकडे घेऊन गेला. मी हट्ट केला, पण मला कुणी नेलं नाही.

शिमग्यानंतर ती परत आली. केस कापलेले, पाठीवर वळ. न्हाताना मी पाठ चोळायला गेले तर तिनं माझा हात धरून बाजूला केला. रडणं बंद, ओरडणं बंद, बोलणंही जवळजवळ बंद. बरी झाली, असं सगळे म्हणाले. मेल्यांनो, बरी म्हणतात याला?

मुंबई मिळाली त्या दिवशी चाळीवर दिव्यांच्या माळा होत्या. घोषणा देऊन बाबांचा घसा बसलेला. आईच्या हातावर पेढा ठेवून ते लाडात म्हणाले, "आज माग, तुका काय होया ता."

मी तिच्याकडेच बघत होते. मनात म्हटलं, बोल गं, आता तरी बोल.

आईनं पेढा माझ्या हातात दिला. "माका काय नको," म्हणाली आणि मोरीत भांडी घासायला बसली.