बारा महिन्यांचे पत्ते

जर्मनीत गार्चिंगला पीएचडी करत होतो तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत एक जपानी सहकारी होता. मायदेशी परतताना त्यानं माझ्या मोबाईलवर त्यांच्याकडच्या पत्त्यांच्या खेळाचं अ‍ॅप टाकून दिलं. त्या पत्त्यांवर आकडे नाहीत, राजा-राणी नाहीत. बारा महिन्यांची बारा झाडं, प्रत्येकाचे चार पत्ते. हातातल्या पत्त्याशी समोरचा त्याच झाडाचा पत्ता जुळवून उचलायचा.

ऊ-बानमध्ये, म्हणजे तिथल्या मेट्रोत, मी रोज खेळायचो. जुळणारे पत्ते अ‍ॅप उजळून दाखवायचं. ती सोय बंद केली की माझी फजिती व्हायची, कारण एप्रिलचं झाड आणि जुलैचं झाड मला सारखीच दिसत.

एका रविवारी आईशी व्हिडिओवर बोलताना मी ते दोन पत्ते दाखवायला लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर मोबाईल धरला. आई चौथी शिकलेली. आमच्या तालुक्याच्या रोपवाटिकेत तिनं वीस वर्षं रोपं निवडली आणि त्या कमाईवर मी घरातला पहिला पदवीधर झालो. तिनं क्षणभर पाहिलं.

"एवढं शिकलास आणि एवढं दिसत नाही? हे खाली लोंबतंय, ते वर चाललंय."

त्यानंतर दर रविवारी आम्ही दोघं मिळून अ‍ॅपशी एक डाव खेळू लागलो. पत्ता ती सांगायची, बोट माझं. शेवंती तिनं न सांगता ओळखली.

या खेळात ठरावीक पत्ते जमले की विचारणा होते: गुण घेऊन थांबायचं, की पुढे खेळायचं? पुढे खेळलो आणि समोरच्याचं आधी जमलं, तर आपले गुण जातात. मी नेहमी पुढे खेळायचो आणि बहुतेक वेळा हरायचो. आईनं कारण विचारलं. अजून थोडं मिळालं असतं, असं मी म्हणालो.

ती म्हणाली, "जमलंय तेवढं घेऊन उठावं की कधीतरी."

अडीच वर्षं मी घरी गेलो नव्हतो. आधी यंत्राची जुळणी, मग मोजमापं, मग शोधनिबंध. सुरुवातीला ती कधी येतोस विचारायची. केव्हापासून विचारेनाशी झाली, ते मला त्या दिवशीही आठवेना.

सोमवारी माझ्या मार्गदर्शक प्राध्यापकांच्या खोलीत गेलो. ज्यांनी संधी दिली त्यांच्याकडे सुट्टी मागणं मला कृतघ्नपणा वाटे, म्हणून कारणं पाठ करून गेलो होतो. त्यांनी ती ऐकलीच नाहीत. हक्काची सुट्टी, उरलाउब, मी घेतच नाही म्हणून कार्यालयातून त्यांना दोनदा विचारणा झाली होती. त्यांना वाटलं होतं, मला घरी जायचंच नसावं.

मला कुणी अडवलंच नव्हतं.

संध्याकाळी आईला तारीख सांगितली. तिनं ती दोनदा म्हणवून घेतली. मग म्हणाली, मोबाईलवर डोळे दुखतात, खरे पत्ते मिळतात का बघ. मी त्याच दिवशी जपानी मित्राला लिहिलं.