खोटी थंडी

आमची व्हर्ला बर्फगाड्या दुरुस्त करते. तिचं इंजिनांवर प्रेम आहे, असं लोक म्हणतात. साफ खोटं. ती इंजिनांना घाबरते, आणि भीतीपोटी माणूस जितक्या निगुतीनं काम करतो तितकं प्रेमापोटी करत नाही. मी तिची शेजारीण आहे, मला विचारा.

पूर्वी आमच्या डोंगरात बर्फगाड्यांना कार्ब्युरेटर असायचे. वर हवा विरळ, म्हणून पेट्रोलही कमी लागतं. तेव्हा वर जाताना पेट्रोल सोडणारं, बारीक भोकाचं पितळी जेट बसवायचं, उतरताना मोठ्या भोकाचं. खिंडीत सगळे थांबायचे. गार पितळ बोटांना चिकटतं म्हणून जेट गालात धरून ऊब द्यायची. घरी येऊन पातेलंभर बटाटे खाल्ले तरी पेट्रोलची चव जात नसे. जेट न बदलता उतरायचं नाही, हा नियम चर्चमधल्या नियमांपेक्षा कडक होता.

व्हर्लाचा नवरा डेलमार एकदा थांबला नाही. वादळ येत होतं, त्याला घाई होती. वरचंच बारीक जेट घेऊन तो पांढऱ्या घळीत उतरला. खाली हवा दाट, पेट्रोल अपुरं. असं इंजिन आतून तापत जातं, आणि मरायच्या आधी फार गोड गातं. आम्ही दोघी दारातलं बर्फ उपसत होतो. तो चढत जाणारा सूर आम्ही ऐकला, आणि मग काहीच नाही. घळीच्या मधोमध पिस्टन जाम होऊन गाडी बंद पडली होती. वरून बर्फ सुटलं आणि तो त्याखाली गेला. डेलमार सापडला तो वसंतात.

त्या सुरानं तिचा पिच्छा सोडला नाही. घळीकडे चिटपाखरू नसताना ती मला विचारते, ऐकलंस का? मी नाही म्हणते. खरं सांगायचं तर कधी कधी मलाही ऐकू येतो, आणि मग माझ्या हातातलं काम तसंच राहतं.

पुढे इंजेक्शनच्या गाड्या आल्या. त्यांच्यात एक सेन्सर हवेचा दाब बघतो, दुसरा हवा किती गार आहे ते. त्यावरून आतला छोटा कॉम्प्युटर पेट्रोलचा नेमका फवारा सोडतो. चढा, उतरा, जेट बदलायला नको. खिंड ओस पडली. व्हर्ला हे सगळं गिऱ्हाइकांना छान समजावून सांगते आणि स्वतः त्यातल्या एका शब्दावर विश्वास ठेवत नाही.

तिची मुलगी जॅनेल बर्फात अडकलेल्यांना काढणाऱ्या पथकात गेली. नवी गाडी घेतली. पथकाची वाट पांढऱ्या घळीतूनच जाते. व्हर्लानं विनवलं, रागावली, अबोला धरला. जॅनेल बापाच्या वळणावर गेलेली, ती कशाला ऐकतेय? तेव्हा व्हर्लानं गुपचूप तिच्या गाडीतल्या थंडी मोजणाऱ्या सेन्सरला खोटी पट्टी पढवली. त्याच्या तारेत एक छोटासा रोधक, म्हणजे वीज अडवणारा तुकडा, जोडला. कॉम्प्युटरला वाटावं, बाहेर मरणाची थंडी आहे, हवा दाट आहे, आणि त्यानं पेट्रोल सढळ हातानं सोडावं. इंजिन उपाशी राहायलाच नको.

मी म्हटलं, "आणि जास्त झालं तर?"

"जास्त पेट्रोलानं आजवर कुणी मेलं नाही," ती म्हणाली. किती तरी वर्षांनी तिचा चेहरा शांत दिसत होता.

जानेवारीत पथक सरावाला निघालं. घळ चढताना हवा विरळ होत गेली, पण पेट्रोल सैल सुटतच राहिलं. इंजिन गुदमरलं, खोकलं आणि बंद पडलं. घळीच्या मधोमध. जॅनेलनं इंजिन सुरू करायची दोरी ओढली, पुन्हा पुन्हा ओढली. शेवटी गाडी सोडून ती कडेच्या झाडांपर्यंत चालत गेली.

दुसऱ्या दिवशी पथकानं गाडी ओढून आणली. जॅनेलनं आमच्यासमोर ती खोलली. रोधक सापडल्यावर तिनं आईकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आई, तू बाबांना वाचवत होतीस," ती म्हणाली. "गाडीवर मी होते."

व्हर्लानं पक्कड घेऊन रोधक कापून काढला, तारा पूर्ववत जोडल्या, वर टेप गुंडाळली. मग पाठमोरीच राहून तिनं विचारलं, "बर्फ सुटलं होतं का गं?"

"थोडंसं," जॅनेल म्हणाली. "मी झाडांत पोचल्यावर."